रिकाम्या बंदुकीचे आप्पा

बंदुकीची नळी तोंडाला लावून ते फुंकर मारायचे. त्याआधी माझा हात मनगटाला धरून खाली ओढायचे आणि तळवा बंदुकीच्या घोड्याखाली, केप बसवायच्या बारीक भोकाशी धरून ठेवायचे. फुंकर आतून येऊन माझ्या तळव्याला लागली, की तोंड बाजूला करून विचारायचे, "लागलं का वारं, भाऊसाहेब?"

"लागलं, आप्पा."

"मग लिवा. रिकामी."

त्यांची बंदूक ठासणीची होती. पुढून दारू ओतायची, छरे टाकायचे, गजाने ठासायचं आणि मग मागे केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी बारीक टोपी, बसवायची. भरलेली असली तर फुंकर आरपार जात नाही. बंदूक रिकामी आहे हे सांगायची याहून साधी आणि खरी रीत मला आजवर दिसलेली नाही. दर जानेवारीत परवाने नवे करून घ्यायला लोक आपापल्या बंदुका घेऊन कचेरीत यायचे. बंदूक रिकामी आणायची, असा नियम होता. तो पाळल्याचा पुरावा स्वतःहून देणारा माणूस मी एकच पाहिला.

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात माझी बहुतेक नोकरी गेली. त्यातल्या कुठल्या कचेरीत हे घडलं ते सांगत नाही. त्या इमारतीचा काही दोष नव्हता, दोष आत बसणाऱ्या आम्हा माणसांचा होता. आप्पांचं नावही लिहीत नाही. ते नाव आमच्या कागदांत पुष्कळदा आलं, आणि एका दिवसानंतर दर वेळी त्याच्यामागे 'सदर इसम' लागून आलं. तेवढं पुरे झालं.

उंच, हाडकुळा माणूस. पन्नाशी ओलांडलेली. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी आणि त्या घोंगडीत गुंडाळलेली बंदूक. केंदूरच्या पुढे माळावर त्यांची वस्ती होती. आजोबांच्या वेळेपर्यंत हे घराणं मेंढरांमागे मुलूखभर फिरायचं. वडिलांनी जमीन धरली, घर बांधलं, बाजरी पेरायला लागले. तरी साठ-सत्तर मेंढरं वाड्यात होतीच. माळावर लांडगे फार, म्हणून बंदूक.

एकदा मी सहज विचारलं, "आप्पा, आजवर किती लांडगे मारलेत?"

"एक बी न्हाई."

"मग बंदूक कशाला?"

"आवाज काढतो. लांडग्याला कळतं, हितं कुनीतरी जागं हाय." आणि पुढे म्हणाले, "मारला तर दुसरा येतोच की. भ्यालेला मातुर घरी जाऊन समद्यांना सांगतो."

हे बोलताना ते हसायचे नाहीत. हसायचं काम समोरच्याचं.

आमचे मामलेदार थट्टेखोर होते. त्यांनी एकदा ती बंदूक हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाले, "आप्पा, ही बंदूक उडवलीत तर लांडगा हसेल हो."

"हसू द्या की साहेब," आप्पा म्हणाले. "हसताना पळता येत न्हाई त्याला."

त्यांच्या वाट्याचा हा एवढा विनोद झाला, की ते पुन्हा ओट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायचे. वर ओट्यावर खुर्च्या होत्या. त्या दुनळी बंदूकवाल्यांसाठी. तालुक्यातले बागाईतदार, दोन-तीन गावचे पाटील, एक अडत्या, एक लाकडाच्या वखारीचा मालक. त्यांना चहा यायचा. त्यांच्या चकचकीत बंदुका भिंतीला ओळीने टेकवलेल्या असायच्या. मी त्यांचे परवाने हातात घ्यायचो, नंबर बघायचो आणि रजिस्टरात 'रिकामी' असं लिहून टाकायचो. नळी बिजागरीवर मोडून आत बघायची, एवढंच काम होतं. ते मी करत नसे. एवढ्या मोठ्या माणसाला 'दाखवा' कसं म्हणायचं? म्हणजे आमच्या कचेरीत तपासणी फक्त एका बंदुकीची व्हायची, आणि तीही ज्याची त्यानेच करून घेतलेली.

हे मी आज लिहितो आहे. त्या वेळी मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. तुम्हीही कचेऱ्यांत गेला असाल, तुम्हाला ठाऊक आहे कुणाला खुर्ची मिळते.

माझी मुलगी वर्षाची असताना हिवाळ्यात सारखी आजारी पडायची. हे मी त्यांच्याजवळ कधी बोललो होतो ते मला आठवतही नाही. पुढच्या खेपेला आप्पांनी घोंगडीतून बंदूक काढली, तिची फुंकर मारून झाली, आणि मग त्याच घोंगडीतून दोन हात लांबीची एक लहानशी घोंगडी काढली. त्यांच्या बायकोने विणलेली होती.

"टोचंल तिला," म्हणाले. "पन थंडी शिवायची न्हाई."

टोचली खरी. मुलगी रडली, आणि मग सगळा हिवाळा तिच्यातच झोपली.

तर तो दिवस. जानेवारीचाच, बाजाराचा. बाहेर गाड्या सुटलेल्या, आवारात चिंचेखाली माणसं भाकरी खात बसलेली. त्या दिवशी आतल्या दालनात कुळांच्या सुनावण्या होत्या आणि ओट्यावर आमचं परवान्यांचं काम. दोन्ही एका दिवशी ठेवू नये हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

सकाळीच एका मोठ्या जमीनदाराचा मुलगा येऊन गेला होता. पुण्याला शिकलेला, अंगात कोट, केस मागे वळवलेले. त्याला मी माझी खुर्ची दिली. चहा मागवला. तो चहा पीत होता तेवढा वेळ त्याची दुनळी माझ्याच कपाटाला टेकून उभी होती. 'रिकामी' असं लिहून मी सही केली. त्याच्या कोटाच्या खिशात काडतुसं होती हे नंतर पंचनाम्यात आलं.

दुपारी त्याच्या घरच्या जमिनीचा निकाल लागला. जमीन कुळाची झाली. कूळ म्हणजे एक चाळिशीचा शांत माणूस आणि त्याची बायको. दोघं दालनातून बाहेर आली. तिच्या हातात गुळाचा खडा होता, बहुतेक देवाला ठेवायचा म्हणून आणलेला. ओटा उतरून दोघं चिंचेच्या दिशेने चालायला लागली.

मी त्याच वेळी आप्पांसमोर होतो. तळव्याला फुंकर लागली होती. "लागलं का वारं?" त्यांनी विचारलं, मी "लागलं" म्हणालो आणि दौत पुढे ओढली. तेवढ्यात बार झाला.

पहिल्यांदा मला वाटलं, कुणी फटाका लावला. मग दुसरा बार झाला आणि बाई ओरडली.

आवाराच्या मधोमध तो जमीनदाराचा मुलगा उभा होता. कूळ पालथं पडलं होतं, ते पुन्हा हललं नाही. बायको त्याच्याशेजारी बसली होती, तिच्या पोटरीतून रक्त वाहत होतं. ती पळत नव्हती. नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हाका मारत होती. आणि तो कोटवाला शांतपणे बंदूक मोडून खिशातून नवी काडतुसं काढत होता.

ओट्यावर त्या वेळी नऊ बंदूकवाले होते. मी त्यांची नावं आजही एका दमात सांगू शकतो. त्यातल्या चौघांचे घरी शिकारीचे फोटो होते. एक जण दरवर्षी गावजेवणात वाघ मारल्याची गोष्ट सांगायचा. ते नऊच्या नऊ दालनात घुसले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. बंदुका घेऊन आत गेले! त्यांच्या बंदुका रिकाम्या होत्या म्हणाल, तर आप्पांचीही रिकामीच होती. आणि मी? मी टेबलाखाली होतो. खोटं कशाला लिहू?

टेबलाखालून मला पायऱ्या दिसत होत्या. आप्पांच्या वहाणा त्या पायऱ्या उतरल्या. घोंगडी पायरीवर पडली. धावले नाहीत ते. माळावर मेंढरांकडे जावं तसे लांब टांगा टाकत गेले, बाई आणि कोटवाला यांच्या मध्ये उभे राहिले आणि ती रिकामी बंदूक त्यांनी खांद्याला लावली.

"ठेव खाली," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी मला ओट्यावर ऐकू आला. "ठेव म्हन्तो ना, पोरा. ठेव."

त्या मुलाचं एक काडतूस नळीत गेलं होतं, दुसरं बोटांत होतं. त्याने वर पाहिलं. दहा पावलांवर एक म्हातारा आणि त्या जुन्या नळीचं तोंड. ती रिकामी आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक ते आणि एक मी. कोटवाल्याच्या हातातलं काडतूस खाली पडलं. मग त्याने बंदूक टाकली. हात वर केले.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती.

कचेरीच्या मागच्या अंगाला खजिना होता आणि खजिन्यावर पोलिसांचा पहारा. बार ऐकून त्यातला एक पहारेकरी इमारतीला वळसा घालून धावत आला. त्याला काय दिसलं? एक कोट घातलेला, हात वर केलेला सभ्य माणूस. त्याच्यावर बंदूक रोखलेला एक मुंडासंवाला धनगर. जमिनीवर रक्त. दोघांतला दरोडेखोर कोण हे ठरवायला त्याला श्वासभरही वेळ लागला नाही. त्याने गुडघा टेकला आणि गोळी झाडली.

आप्पा उजव्या अंगावर पडले. गोळी दंडातून हाड फोडून गेली होती.

त्यानंतर दालनाचं दार उघडलं. नऊ जण बाहेर आले. आता त्यांच्या हातांत बंदुका होत्या आणि तोंडांत आवाज होता. "पकडा! बांधा त्याला! दरोडेखोर आहे!" ज्याच्यासाठी मी दहा वर्षं रजिस्टर उघडत होतो, जो दरवर्षी त्यांच्या पायांशी पायरीवर बसत होता, त्याला त्यातल्या एकानेही ओळखलं नाही. की ओळखून ओळख दिली नाही, देव जाणे. वखारवाल्याने त्यांच्या बरगडीत लाथ मारलेली मी पाहिली.

त्यांच्याजवळ धावून गेला तो एकटा आमचा म्हातारा पट्टेवाला. केडगावच्या ख्रिस्ती वस्तीतला, कचेरीत कुणाशी फारसा न बोलणारा. त्याने आपला फेटा सोडला, आप्पांचा दंड आवळून बांधला आणि पोलिसांकडे बघत ओरडला, "अहो, हा आपला आप्पा! हा न्हवं तो!"

मी टेबलाखालून बाहेर आलो होतो. पायरीपर्यंत गेलो होतो. आप्पांचे डोळे उघडे होते. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, सांगा यास्नी. रिकामी हाय म्हनून सांगा."

मी सांगितलं. पण कसं सांगितलं? शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं. त्या आवाजाची मला आजही चीड येते. लग्नात पंगतीत मीठ मागावं तसा आवाज होता तो.

पुण्याच्या दवाखान्यात त्यांचा हात खांद्याखाली कापावा लागला. इकडे आमच्याकडे जबाब सुरू झाले. मी लिहिलं: 'सदर बंदूक मी घटनेच्या क्षणभर पूर्वीच तपासली होती व ती रिकामी होती.' मामलेदारांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि मला आत बोलावलं. थट्टेखोर माणूस त्या दिवशी फार मऊ बोलला.

"हे असं लिहिलंत, तर पोलिसाने रिकाम्या बंदुकीवर गोळी झाडली असं होतं."

"तसंच झालं ना, साहेब?"

"झालं ते झालं. तुम्ही तपासणी पुरी केली होतीत का? रजिस्टरात 'रिकामी' लिहिलं होतंत?"

"दौत ओढली होती. लिहायचं राहिलं."

"मग झालं तर. तपासणी पुरी झाली नव्हती, एवढंच लिहा. खोटं कुठं आहे यात?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "दुसऱ्यांच्या बंदुका तुम्ही कशा तपासत होतात, तेही विचारतील हो मग."

मी लिहिलं. 'तपासणी पुरी झाली नव्हती.' चार शब्द. घरी गेलो, जेवलो, मुलीला तिच्या घोंगडीत गुंडाळून झोपवलं.

पहारेकऱ्याच्या चौकशीत आलं की त्याने सदर इसमास तीन वेळा मोठ्याने हाक मारून शस्त्र टाकण्यास सांगितले, सदर इसमाने ऐकले नाही. त्यावर पाच साक्षीदारांच्या सह्या होत्या. पाचही जण तेव्हा बंद दाराआड होते.

आठवड्याभरात नऊ परवाने नवे करून दिले. आप्पांचा परवाना रद्द झाला. कारण: सार्वजनिक ठिकाणी शस्त्र रोखून दहशत निर्माण केली. हुकमाचा मसुदा माझ्याच हातचा. माझं अक्षर चांगलं म्हणून तो मला दिला होता.

तो हुकूम कोतवालाच्या हाती पाठवता आला असता. मी स्वतः घेऊन गेलो. का गेलो, ते मला धड सांगता येत नाही. केंदूरपर्यंत एसटी आणि पुढे चालत. आप्पा ओसरीत बसले होते. अंगरख्याची बाही खोचलेली. मला पाहून उठायला लागले, तोल गेला, पुन्हा बसले.

"बसा, भाऊसाहेब. उन्हाचं आलासा."

मी कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला. 'दहशत' शब्दापाशी त्यांच्या बायको आतून बाहेर आल्या. घोंगडी विणलेल्या त्या बाईला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काय म्हनलं? कुनाला दाखवली दहशत?" त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताला लागलं व्हतं न्हवं वारं? मग सांगितलं का न्हाई? तोंडाला काय झालं व्हतं तुमच्या?"

"गप ऱ्हा," आप्पा म्हणाले.

"का गप ऱ्हाऊ? हात गेला तुमचा, आन् दरोडेखोर बी तुमीच. ज्यानं मारलं त्याला न्यायला जीप, आन् तुमाला दवाखान्यात न्यायला बैलगाडी! आन् ह्यो मानूस कागद घिऊन आलाय!"

मी मान खाली घालून बसलो. आप्पांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि मांडीखाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, त्या पोलिसानं मला तीनदा हाक मारली म्हंत्यात. मला न्हाई ऐकू आली. मी बहिरा झालो का काय?"

त्या माणसाला हात गेल्याचं दुःख असेलच. पण त्याला खात होतं ते हे. आयुष्यभर लांडग्याच्या पायांचा आवाज ऐकणारे कान, आणि कागद म्हणत होता की त्या कानांनी दगा दिला. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला होता. आमच्या कागदावर!

मला तेव्हा माहीत नव्हतं की हाक मारलीच नव्हती. मी टेबलाखाली होतो, मी ऐकली नव्हती, एवढंच मला ठाऊक होतं. तेवढंही मी बोललो नाही.

खटला पुण्याला उभा राहिला तो दुसऱ्या वर्षी. त्या मुलाच्या वकिलाने एक गोष्ट रचली होती. कुळाने दंगा करायला बंदूकवाला माणूस आणला होता, त्याने आधी बंदूक रोखली, आपल्या अशिलाने जीव वाचवायला बार टाकले. आणि या सगळ्याला आधार काय? माझे चार शब्द. तपासणी पुरी झाली नव्हती, म्हणजे ती बंदूक भरलेली होती की नव्हती हे सांगणारं कुणी नाही. मेलेल्या माणसाला दंगेखोर ठरवायला आणि हात गेलेल्याला हल्लेखोर ठरवायला माझंच वाक्य पुरलं. ते वकील महाशय ते पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि दर वेळी माझं सुंदर अक्षर न्यायाधीशांना दाखवत होते.

माझ्या आधी आप्पांची साक्ष झाली. शपथ देणाऱ्या कारकुनाने मान वर न करताच सांगितलं, "उजवा हात वर करा."

आप्पांनी डावा वर केला.

"उजवा म्हटलं ना, उजवा."

"त्यो सरकारजमा हाय," आप्पा म्हणाले.

कोर्टात कुणी हसलं नाही.

मग कुळाच्या बायकोची साक्ष झाली. ती लंगडत आली आणि म्हणाली, "ह्यो म्हातारा मधी आला नसता तर मी बी गेले असते." वकिलाने तिला विचारलं, म्हाताऱ्याची बंदूक भरलेली होती का? ती म्हणाली, "मला काय ठावं? माझ्याकडं त्याची पाठ व्हती."

त्या उत्तराने माझं काय झालं ते मला सांगता येणार नाही. पिंजऱ्यात उभा राहिलो आणि विचारायच्या आधीच बोललो. बंदूक रिकामी होती. मी तपासली होती. माझ्या तळव्याला फुंकर लागली होती. आधीचं लिहिलेलं खोटं होतं, ते मला सांगून लिहवून घेतलं. ज्या बंदुकीने माणूस मेला ती मात्र मी तपासली नव्हती, कारण ती बाळगणाऱ्याला मी चहा पाजत होतो.

न्यायाधीशांनी मला खरमरीत झापलं. बरोबरच होतं. त्या मुलाला सक्तमजुरी झाली. माझी खात्याकडून चौकशी झाली, ती वर्षभर चालली, आणि मग मला दुसऱ्या कचेरीत, एका कोपऱ्यातल्या टेबलावर पाठवलं. मी दौंडला खोली घेऊन राहायला लागलो. नऊ बंदूकवाल्यांपैकी एकाशी पुढे बाजारात गाठ पडली. "काय हो भाऊसाहेब, सगळ्यांचीच अब्रू काढलीत," तो म्हणाला. मी म्हणालो, "होती का?" नोकरीतला माझा तेवढा एकच शूरपणा, आणि तोही उशिराचा.

आप्पांचा परवाना परत मिळावा म्हणून मी त्यांच्या वतीने अर्ज लिहिला. कोर्टाचा निकाल जोडला. सहा महिन्यांनी उत्तर आलं. ते मला पाठ आहे. 'अर्जदारास एकच हात असल्याने शस्त्र हाताळण्यास तो असमर्थ आहे. सबब अर्ज नामंजूर.'

हा कागद मी दोनदा वाचला आणि मग दौंडच्या त्या खोलीत पितळी तांब्या भिंतीवर फेकून मारला. ज्यांनी हात घेतला तेच विचारत होते, हात कुठे आहे?

पुढच्या उन्हाळ्यात दौंड स्टेशनवर एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. साधे कपडे, तिशी-बत्तिशीचा. ओळखायला वेळ लागला. तो पहारेकरी होता.

"भाऊसाहेब, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "खरंच रिकामी होती का हो?"

गाडीची वेळ होती, फलाटावर गर्दी होती, आणि माझा आवाज इतका चढला की हमाल थांबले. "कोर्टात सांगितलं ना मी! आणखी किती वेळा सांगू? मला कशाला विचारतोस? तिकडे जा. केंदूरच्या पुढे माळावर राहतात ते. जा आणि त्यांना विचार!"

त्याने नमस्कार केला आणि तो गर्दीत गेला. मला वाटलं, सुटला. असे लोक जात नसतात. मी स्वतः हुकूम देऊन आलो त्यानंतर कुठे गेलो होतो? अर्ज लिहिला, टपालात टाकला. उत्तर आलं तेही टपालानेच पुढे पाठवलं. त्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवायची मला हिंमत झाली नव्हती.

आप्पा गेल्याचं मला पट्टेवाल्याच्या मुलाकडून कळलं, तेही चार महिन्यांनी. तेव्हा मात्र गेलो. वाड्यात मेंढरं थोडी राहिली होती. त्यांच्या बायकोने मला ओळखलं. या वेळी त्या रागावल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. त्या पुढे चालल्या, मी मागे. माळाच्या उतारावर, बाजरीच्या बांधाला लागून त्यांना पुरलं होतं. वर दगडांचा चौथरा होता. चांगला रचलेला, कडा सरळ, मधल्या फटींत चिपा ठोकलेल्या.

"चौथरा कुणी बांधला?" मी विचारलं.

"त्या पोलिसानं."

मी चौथऱ्याजवळ खाली बसलो.

"ते असतानाच आला व्हता," त्या म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात. हितं अंगनात उभा ऱ्हायला, म्हनाला, मीच त्यो. मी इळा उचलला व्हता. ह्यांनी मला बसवलं, आन् त्याला एकच इचारलं, हाक मारली व्हतीस का रं? त्यो म्हनाला, न्हाई मारली, आप्पा. एक बी न्हाई."

"मग?"

"मग काय? हे हसलं. किती दिसांनी हसलं. मला म्हनलं, बघ, मी म्हनत न्हवतो? माझं कान चांगलं हायती."

वारा सुटला होता. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि चौथऱ्यावरची एक वाळकी काटकी उचलून टाकली.

"त्या कुळाची बाई सनासुदीला येती. ती आता घरचीच झाली," त्या म्हणाल्या. "पन सरकारी मान्सांतलं हितं येनारं म्हनाल, तर तुमी दुसरं."